शीर्षपृष्ठावरील नाव आणि सर्वनाम : मराठी स्त्रीलेखनाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

स्त्रियांच्या लेखनाविषयीची आपली समीक्षा बहुधा संहितेच्या पहिल्या वाक्यापासून सुरू होते. आशय, अनुभवविश्व, जाणीव, भाषा या क्रमाने ती पुढे जाते आणि अखेरीस लेखिकेने 'बंडखोरी' कितपत केली याचा हिशेब मांडून थांबते. या रीतीत एक गोष्ट निसटते. संहितेच्या आधी एक पृष्ठ असते. त्यावर ग्रंथाचे नाव असते आणि ग्रंथकर्त्रीचे नाव असते. पुष्कळदा त्यामागोमाग कोणा प्रतिष्ठित पुरुषाची प्रस्तावनाही असते. लिहिणाऱ्या स्त्रीकडून समाजाने काय अपेक्षिले आणि तिने त्या अपेक्षेशी कोणत्या अटींवर व्यवहार केला, याचा पहिला दस्तऐवज म्हणजे हे पृष्ठ होय. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या काही मराठी ग्रंथांची शीर्षपृष्ठे आणि त्या ग्रंथांतील सर्वनामांचा वापर यांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विषय लहान आहे, परंतु त्याच्याशी गुंतलेला प्रश्न लहान नाही : मराठीत लिहिणाऱ्या स्त्रीला 'मी' म्हणण्याची जागा केव्हा, कोठे आणि कोणत्या मोबदल्यात मिळाली?

फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या एका कराराच्या रूपात मांडली. लेखक, निवेदक आणि चरित्रनायक हे तिघे एकच आहेत, अशी ग्वाही शीर्षपृष्ठावरील विशेषनाम वाचकाला देते, हा त्या मांडणीचा गाभा. पुढे जेरार जेनेतने १९८७ मध्ये शीर्षक, नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांचा स्वतंत्र विचार केला. या दोन्ही मांडण्या उपयुक्त आहेत. परंतु विशेषनाम ही जन्मापासून मृत्यूपर्यंत टिकणारी गोष्ट आहे, असे त्यांत गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून तिचे जन्मनावही पुसले जाते, आणि पतीचे नाव तिच्या नावाच्या मध्यभागी येऊन बसते. मनू गोखले यांच्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. यमुना कुर्लेकर यांच्या रमाबाई रानडे. गोदूबाईंच्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे. ज्या नावावर आत्मचरित्राचा करार उभा राहायचा, ते नावच मुळी दुसऱ्या एका कराराने दिलेले असते. म्हणून पाश्चात्त्य सिद्धान्त जसाच्या तसा उचलून येथे भागणार नाही.

२

इतिहासाचा आरंभ कोठे करावा? सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. या निबंधात बोलणारी व्यक्ती एक शाळकरी मुलगी आहे. परंतु तिचे सर्वनाम आहे 'आम्ही'. धर्माने ज्यांना बाहेर ठेवले, विद्येपासून ज्यांना दूर ठेवले, त्यांचा तो 'आम्ही' आहे. मराठीतील आधुनिक स्त्रीलेखनाच्या अगदी आरंभीच्या पानांवर हे अनेकवचन उभे आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांनी फार काळ लक्षात घेतली नाही.

१८८२ हे वर्ष या दृष्टीने विशेष आहे. त्या वर्षी दोन स्त्रियांची दोन मराठी पुस्तके निघाली : पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना'. दोन्ही नावे विचार करण्याजोगी आहेत. 'पंडिता' ही कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली पदवी. रमाबाईंनी ती नावापुढे धारण केली आणि ती नावाचाच भाग झाली. डोंगरे हे पित्याचे आणि मेधावी हे पतीचे आडनाव मागे पडून विद्येने मिळवलेले नाव पुढे आले. ताराबाई बुलढाण्याच्या, 'शिंदे' हे त्यांच्या वडिलांचे, बापूजी हरी शिंदे यांचे आडनाव. म्हणजे एकीचे नाव विद्येचे, दुसरीचे माहेरचे. पतीच्या नावाची मुद्रा दोहोंवरही नाही.

परंतु या दोन ग्रंथांचे प्राक्तन मात्र परस्परविरुद्ध ठरले. 'स्त्रीधर्मनीति'मध्ये गृहिणीने कसे वागावे, काय शिकावे, घर कसे सांभाळावे याचा उपदेश आहे. समाजाला तो रुचला, आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा उपयोग रमाबाईंना १८८३ मधील इंग्लंडच्या प्रवासाला झाला. समाजमान्य उपदेशाच्या पुस्तकाने समाजाला अमान्य अशा प्रवासाचे भाडे भरले! 'स्त्रीपुरुष तुलना'चे निमित्त वेगळे होते. सुरतकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. त्या प्रकरणावरून 'पुणेवैभव' पत्राने सरसकट स्त्रीजातीवर आगपाखड केली, तिला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर. स्त्रियांच्या माथी मारलेले एकेक दुर्गुण घेऊन ते पुरुषांत किती पटींनी आहेत, हे त्या दाखवीत जातात. त्यांच्या प्रस्तावनेत मात्र सुरुवातीलाच नम्रता येते : आपण मराठा घराच्या रीतीत कोंडलेली, बुद्धीने कमी असलेली स्त्री आहोत, हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, भाषा कडक झाली असेल. ही नम्रता म्हणजे उंबरठ्यावरचा नमस्कार आहे. तो करून आत गेल्यावर ताराबाई कोणाचीही भीड ठेवत नाहीत. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची बाजू घेतली, तीही आपल्याच चळवळीतील टीकाकारांना सुनावीत. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत नव्वदांहून अधिक वर्षे गेली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला ठाऊक नाही. स्वतःच्या नावाने, कोणाच्याही आडोशाशिवाय, निर्भीडपणे लिहिलेल्या पहिल्या ग्रंथाला मिळालेला हा प्रतिसाद त्यानंतर लिहू पाहणाऱ्या स्त्रियांना काही न सांगताही बरेच सांगून गेला असला पाहिजे.

३

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह. शीर्षकातील 'आमच्या' हे सर्वनाम पाहावे. मुक्ता साळवे यांच्या 'आम्ही'शी त्याचे काही नाते नाही. हे दांपत्याचे अनेकवचन आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले. त्यानंतर त्यांच्या स्मृती जतन करण्याचे पत्नीचे कर्तव्य, या भूमिकेतून हा ग्रंथ वाचकांपुढे येतो. विधवेने आत्मचरित्र लिहिणे समाजाला खटकले असते. पतीच्या आठवणी लिहिणे खटकण्याचे कारण नव्हते. 'आठवणी' हा वाङ्मयप्रकार येथे परवान्याचे काम करतो.

यापेक्षाही लक्षणीय गोष्ट ग्रंथाच्या अंतरंगात आहे. पतीचे नाव न घेण्याची रूढी रमाबाई पाळतात आणि न्यायमूर्तींचा उल्लेख सर्वत्र 'स्वतः' या शब्दाने करतात. इंग्रजीत या ग्रंथाचे भाषांतर झाले तेव्हा त्याचे शीर्षकच या शब्दावरून घेतले गेले. त्या काळच्या घरांतील बोलण्याची ही एक पद्धत होती, हे खरे. तथापि व्याकरणाच्या अंगाने पाहिले, तर आत्मवाचक सर्वनाम येथे पतीने व्यापलेले आहे. ज्या ग्रंथात एक स्त्री आपले आयुष्य सांगते, त्यात 'स्वतः' म्हणजे ती नव्हे! आत्मचरित्राच्या कराराचा याहून मोठा पेच क्वचितच सापडेल.

आणि तरीही या ग्रंथाचा गाभा कोणता? अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी रात्री पतीकडून शिकते आणि दिवसा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी खाते. इंग्रजी शिकते म्हणून, सभांना जाते म्हणून, पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानांना जाते म्हणून घरात वेगळी पाडली जाते. हे प्रसंग न्यायमूर्तींच्या चरित्राला आवश्यक नाहीत. ते रमाबाईंच्या घडणीचे प्रसंग आहेत. म्हणजे शीर्षपृष्ठाने 'आमच्या' म्हटले, निवेदनाने 'स्वतः' पतीला दिले, पण कथनाचा ओघ मात्र न सांगितलेल्या 'मी'च्या दिशेने वाहत राहिला. अपेक्षेला दिलेला हा शह उघड नाही, म्हणून तो कमी महत्त्वाचा ठरत नाही.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवली म्हणजे पाव शतकात काय घडले ते कळते. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा उगमही पतीच्याच चरित्रात आहे. ना. वा. टिळक १९१९ मध्ये निवर्तले. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढाच मूळ हेतू. परंतु त्या टिपणांतून जे उभे राहिले ते आईचे आत्मचरित्र. शीर्षकात सर्वनाम नाही. 'आमच्या'ही नाही आणि 'माझ्या'ही नाही. आणि पतीचा उल्लेख? लक्ष्मीबाई त्यांना सरळ 'टिळक' म्हणतात. नाव टाळण्याची रूढी येथेही एका परीने पाळली गेली आहे. तथापि 'स्वतः' ऐवजी आडनाव आले आणि सारे दृष्टिक्षेत्र पालटले. 'टिळक' हे आता कथेतील एक पात्र झाले, ज्याच्याकडे निवेदिका प्रेमाने, रागाने, हसत, काही अंतरावरून पाहू शकते. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाचा आकांत, विरहाची वर्षे, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचे स्वतःचे धर्मांतर आणि तत्पूर्वी जातीच्या कल्पना मनातून हळूहळू गळून पडण्याची प्रक्रिया, हे सारे या अंतरामुळेच लिहिता आले.

येथे समीक्षेच्या एका सवयीकडे लक्ष वेधले पाहिजे. एम. ए.च्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ठरावीक विशेषणे येतात : सहज, निरागस, प्रांजळ, अकृत्रिम. ती विद्यार्थ्यांची नाहीत; ती आम्ही प्राध्यापकांनी आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनी दिलेली आहेत. ही स्तुती असली, तरी तिच्यात लेखिकेचे कर्तृत्व नाकारण्याची सोय आहे. जे सहज घडले ते घडवलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. वस्तुतः वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक सांगताना कोणता तपशील आधी आणि कोणता नंतर यावा, हसू कोठे फुटू द्यावे आणि त्याखालचे दुःख किती उघडे ठेवावे, याचे लक्ष्मीबाईंचे भान विलक्षण आहे. शालेय शिक्षण नसणे म्हणजे कलाभान नसणे नव्हे. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' ज्या स्त्रीने पुरे केले, तिला रचना म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असे मानणे धाडसाचे आहे. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीतही हेच घडले. त्यांना अक्षर लिहिता येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली आणि 'निसर्गदत्त' या शब्दात त्यांचा गौरव झाला. ओवीच्या छंदाची आणि खानदेशी बोलीची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त त्या गौरवात विसरली गेली.

४

नावाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो १९३३ मध्ये. ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका : विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुली, त्यांच्या मिळकतीवर अवलंबून असलेली आणि म्हणूनच त्यांच्या लग्नाविषयी उदासीन होणारी घरे, त्यांच्या शरीराची आणि मनाची कोंडी हे या कथांचे विषय. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीने नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीच्या विवाहबाह्य प्रेमाचा आणि मातृत्वाचा प्रश्न मांडला. खळबळ उडाली. त्या खळबळीचे स्वरूप मात्र पाहण्यासारखे आहे. 'हे खरे आहे काय?' या प्रश्नापेक्षा 'ही कोण?' हा प्रश्न अधिक जोराने विचारला गेला. टोपणनावामागे स्त्री आहे की पुरुष, याचेही तर्क लढवले गेले. लेखनाला उत्तर देण्याऐवजी लेखिकेचा शोध घेणे, ही आपल्या साहित्यव्यवहाराची एक जुनी बचावपद्धती आहे.

विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, म्हणजेच १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी झालेल्या विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. जन्म १९०५, घोडनदी म्हणजे शिरूर येथला. टोपण आडनाव त्या गावावरून आले. शिक्षण कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत. त्याच सुमारास त्यांनी के. ना. केळकर यांच्यासमवेत 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र' हा ग्रंथ लिहिला होता, आणि तो स्वतःच्या नावाने. या श्रमविभागणीचा अर्थ नीट लावला पाहिजे. धर्मशास्त्रातील स्त्रीच्या स्थानाविषयी कुमारी बाळूताई खरे यांनी पुराव्यानिशी लिहिले तर ते समाज ऐकून घेत होता. तेच स्थान जगणाऱ्या स्त्रीच्या इच्छेविषयी लिहायचे तर नाव बदलावे लागत होते. स्त्रीची विद्वत्ता सहन होत होती, तिची कल्पनाशक्ती नव्हे. कारण ललित लेखन स्त्रीने केले की ते कबुलीजबाब म्हणून वाचले जाते. पुरुषाची नायिका ही निर्मिती असते. स्त्रीची नायिका ही तिची जबानी असते. हा वाचनसंकेत जोवर बलवत्तर आहे, तोवर टोपणनाव हा भित्रेपणा नव्हे. आपल्या लेखनाला ललितकृती म्हणून वाचले जावे, यासाठी केलेली ती मागणी होय.

पुढील इतिहास अधिक उद्बोधक आहे. मालतीबाईंची ओळख उघड झाली, तरी १९५० मधील 'बळी' ही कादंबरी विभावरी शिरूरकर याच नावाने आली. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम करताना त्यांनी जे पाहिले ते या कादंबरीच्या मागे आहे. आता नाव लपवण्याचे कारण उरले नव्हते. म्हणजे मुखवटा हाच चेहरा झाला होता. १९५३ मध्ये त्यांनी आपल्या वडिलांवर आधारलेली 'खरेमास्तर' लिहिली. या ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर खरे हे आडनाव शीर्षकात आहे आणि लेखिकेच्या ठिकाणी स्वतः निर्माण केलेले नाव आहे. मुलींना शिकवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या पित्याची कहाणी मुलीने सांगितली, पण पित्याचे वा पतीचे नाव न लावता. मराठी स्त्रीने स्वतःला दिलेल्या नावाचा हा बहुधा सर्वांत मोठा विजय असावा.

याच पर्वात, १९४४ मध्ये, आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' आले. महर्षी कर्वे यांच्या १९१५ मधील आत्मचरित्राचे शीर्षक 'आत्मवृत्त'. पतीचे 'वृत्त', पत्नीचे 'पुराण'! 'पुराण लावणे' या वाक्प्रचारातील कंटाळवाण्या लांबणीचा अर्थ आनंदीबाईंना ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? स्वतःच्या कथनाची आधीच थोडी थट्टा करून ठेवायची आणि त्या थट्टेच्या आडून 'माझे' हे सर्वनाम शीर्षकात निर्धास्तपणे बसवायचे, ही युक्ती ताराबाईंच्या प्रस्तावनेतील नम्रतेची पुढची आवृत्ती आहे.

५

येथवरचा आलेख 'आमच्या'पासून 'माझे'कडे, आडोशापासून स्वनामाकडे असा सरळ चढत जाणारा वाटेल. तसा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. दलित स्त्रियांची आत्मकथने या आलेखात बसत नाहीत. ती आलेखच बदलतात.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच काळात शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आले. दोन्ही शीर्षकांतील बोलीची रूपे प्रमाणभाषेच्या शीर्षपृष्ठावर ठामपणे येतात. बेबीताईंचे 'आमुचं' हे रमाबाईंचे दांपत्यवाचक अनेकवचन नव्हे. ते थेट १८५५ मधील मुक्ता साळवे यांच्या 'आम्ही'शी जोडले जाते. वीरगावच्या महारवाड्यातील बाळंतपणे, उपासमार, देवदेवस्की, सासुरवास आणि डॉ. आंबेडकरांच्या हाकेने आलेली जाग, हे सारे त्या वस्तीच्या वतीने सांगतात.

परंतु या 'आम्ही'लाही किंमत द्यावी लागली आहे. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून बेबीताईंनी हे लेखन केले आणि ते सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पतीकडून झालेली मारहाण ग्रंथात आलेली नाही. ती त्यांनी पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितली. समाजाच्या दुःखापुढे स्वतःचे दुःख मांडावेसे वाटले नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे रमाबाईंच्या 'आमच्या'ने पत्नीचा 'मी' झाकला, आणि बेबीताईंच्या 'आमुचं'नेही एक 'मी' मागे ठेवला. दोहोंत फरक अर्थातच मूलभूत आहे. पहिल्या अनेकवचनाने प्रस्थापित कुटुंबव्यवस्थेकडून परवाना मिळवला. दुसऱ्याने एका अख्ख्या समाजाला साहित्यात नाव मिळवून दिले. पण स्त्रीच्या खाजगी दुःखाला मागे थांबायला सांगण्यात दोन्ही अनेकवचने एकत्र येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. केवळ 'मी'च्या प्राप्तीला मुक्ती मानणारी समीक्षा बेबीताईंवर अन्याय करील. आणि 'आम्ही'च्या गौरवात तो मागे राहिलेला 'मी' विसरणारी समीक्षाही अन्यायच करील.

यावर एक आक्षेप संभवतो. शीर्षके पुष्कळदा संपादक, प्रकाशक वा आप्तेष्ट ठरवतात. मग त्यांवरून लेखिकेच्या जाणिवेविषयी अनुमान कसे काढावे? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच येथे शीर्षपृष्ठाकडे लेखिकेच्या मनाचा आरसा म्हणून पाहिलेले नाही. ते लेखिका, कुटुंब, प्रकाशक आणि वाचकवर्ग यांच्यातील व्यवहाराचे पत्रक आहे. त्यात कोणी काय दिले आणि काय घेतले, याची नोंद असते. वाङ्मयेतिहासाला लेखिकेच्या अंतरंगाइतकीच या व्यवहाराचीही गरज आहे.

ऊर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये मीनाक्षी मून यांच्यासमवेत आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास लिहिला, त्याचे शीर्षक 'आम्हीही इतिहास घडवला'. २००३ मध्ये त्यांचे आत्मकथन आले, 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूच्या पट्ट्यांनी विणलेल्या सुपे-टोपल्या. लेखिकेची आई त्या विणून घर चालवीत असे. या शीर्षकात 'मी' नाही, 'आम्ही'ही नाही. आहे ती कामाची वस्तू : हातांनी, कौशल्याने, रोज घडवलेली. आईची वीण आणि आपले लेखन यांचे नाते लेखिका स्वतः जोडते. स्त्रीच्या लेखनाला 'सहज' म्हणून गौरवणाऱ्या परंपरेला हे शीर्षक परस्पर उत्तर देते. टोपली सहज होत नाही. पट्टी सोलावी लागते, बोटे कापतात, वीण चुकली तर उसवून पुन्हा घालावी लागते. लक्ष्मीबाई, बहिणाबाई आणि बेबीताई यांच्या लेखनाविषयी बोलताना आपल्या समीक्षेने प्रथम हे श्रम मोजायला शिकले पाहिजे.